रात्री अडीचचे बुलेटिन

ऑक्टोबर २०२४ मधील त्या आठवड्यात, नवरात्र सुरू असताना, नागपूरच्या प्रतापनगरातील आमच्या घरी मी रोज रात्री अडीचचा गजर लावून झोपत असे. मायामीचे राष्ट्रीय हरिकेन केंद्र (हरिकेन म्हणजे तिकडचे तीव्र चक्रीवादळ) दर सहा तासांनी वादळाचे बुलेटिन काढते, आणि तेथील संध्याकाळी पाचचे बुलेटिन आपल्याकडे रात्री अडीचला येते. माझी मुलगी फ्लोरिडात, टँपा उपसागराच्या काठी सेंट पीटर्सबर्गला राहते आणि मिल्टन नावाचे वादळ मेक्सिकोच्या आखातातून त्याच बाजूला निघाले होते.

प्रत्येक बुलेटिनमध्ये वादळाच्या केंद्राचे अक्षांश-रेखांश दिलेले असतात. मुलीच्या शाळेच्या दिवसांतील अ‍ॅटलास माळ्यावरून काढून त्यात मी पेन्सिलीने ठिपके मारू लागलो. ६ ऑक्टोबरला मिल्टनला हरिकेनचा दर्जा मिळाला आणि दुसऱ्याच दिवशी, आखाताच्या तापलेल्या पाण्यावर, ते पाचव्या, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीत गेले; वाऱ्याचा वेग ताशी २५२ किलोमीटरच्या वर. त्या दिवशीचा ठिपका मेक्सिकोच्या यूकातान द्वीपकल्पाच्या उत्तरेला, एकवीस-बावीस अंश अक्षांशाच्या आसपास पडला. तीच अक्षांशाची रेघ पूर्वेकडे ओढत आणली असती तर ती नागपूरच्या थोडी वरून गेली असती.

केंद्राच्या अंदाजाच्या नकाशावर वादळाच्या पुढे, ते कोठे जाऊ शकेल हे दाखवणारा एक शंकू काढलेला असतो आणि काही नकाशांत त्याच्या मधोमध एक रेघही असते. ती रेघ टँपावरून गेली की माझी झोप उडे आणि बोटभर दक्षिणेला सरकली की जीव भांड्यात पडे. मुलीने फोनवर सुनावले, "बाबा, तुम्ही ती रेघ बघूच नका." तिचे म्हणणे खरे होते. मागील पाच वर्षांत हरिकेन केंद्राचे अंदाज किती चुकले, या हिशेबाने शंकूची रुंदी ठरते. वादळाचे केंद्र साधारण तीनांपैकी दोन वेळा त्याच्या आत राहते, म्हणजे एखादे वेळी बाहेरही जाते. शिवाय वादळ किती विस्तारलेले आहे आणि पाणी कोठवर चढेल, हे शंकू सांगतच नाही. दोनच आठवड्यांपूर्वी हेलेन नावाच्या वादळाचे केंद्र टँपाच्या जवळपासही आले नव्हते, तरी उपसागराच्या काठच्या घरांत समुद्र शिरला होता, आणि भिजलेल्या गाद्या-कपाटांचे ढीग अजून तिच्या रस्त्यावर पडून होते. वाऱ्यापासून लपा, पाण्यापासून पळा, असे तिकडे म्हणतात. घरे रिकामी करण्याचे विभागही पाण्याच्याच धोक्यावरून ठरतात. तिचा विभाग रिकामा करण्याचा आदेश आला आणि ती मुलांना घेऊन ओरलँडोला मैत्रिणीकडे गेली.

शेजारच्या काकांना याचे नवल वाटे. नागपूरच्या माणसाला समुद्राची एवढी काय चिंता, असे ते म्हणत. मी त्यांना २०२१ च्या गुलाबची आठवण करून दिली. आंध्रच्या किनाऱ्यावर चढलेल्या त्या वादळाचे अवशेष तेलंगणा, मराठवाडा आणि विदर्भाला भिजवून अरबी समुद्रात उतरले आणि तेथे शाहीन या नावाने पुन्हा उठले. काकांना ते फारसे पटले नाही.

१० ऑक्टोबरला, आपल्या सकाळी सहाच्या सुमारास, मिल्टन तिसऱ्या श्रेणीत सारासोटाजवळच्या सिएस्टा की येथे, टँपा उपसागराच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढले. उत्तर गोलार्धात ही वादळे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात, त्यामुळे केंद्राच्या उत्तरेला वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. त्या वाऱ्याने उपसागराचे पाणी आत लोटण्याऐवजी बाहेर काढले. केंद्र थोडे उत्तरेकडून गेले असते तर तेच पाणी तिच्या गल्लीत आले असते. पावसाने मात्र सूट दिली नाही. सेंट पीटर्सबर्गला सुमारे ४५० मिलिमीटर, म्हणजे नागपूरच्या सबंध पावसाळ्याच्या निम्म्याच्या जवळपास पाऊस एका दिवसात पडला. सप्टेंबर २०२३ मध्ये काही तासांत शंभरएक मिलिमीटर पडला तेव्हा नागपुरातील अंबाझरी तलावाच्या खालच्या वस्त्यांची काय दैना झाली होती, हे ज्याने पाहिले आहे त्याला या आकड्याचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही. सेंट पीटर्सबर्गच्या बेसबॉल मैदानाचे कापडी छप्परही फाटले.

दुपारी मुलीचा निरोप आला: शेजाऱ्यांनी पाहून सांगितले आहे, घर कोरडे आहे, वीज नाही.

त्या रात्री गजर बंद करायचा राहून गेला आणि तो अडीचला वाजलाच. उठलोच होतो म्हणून बुलेटिन उघडले. लेस्ली नावाचे दुसरे वादळ अटलांटिकच्या मधोमध, कोणाच्याही घरापासून दूर, अजून फिरत होते. त्याचाही ठिपका मारला आणि अ‍ॅटलास मिटले.