घाटात उतरायच्या आधी कप्प्यांची लॅच बघा

गगनबावड्यावरनं कोकणात उतरायचं असलं की मी आदल्या दिवशीच मोटरहोमच्या (राहायची सोय असलेल्या गाडीच्या) बाहेरच्या सामानाच्या कप्प्यांची सगळी लॅच बघून घेतो. नुसतं कुलूप लागलं म्हंजे झालं असं नसतंय, चालत्या गाडीचं दार उघडलं तर मागच्या मोटरसायकलवाल्याच्या जिवाशी खेळ हाय. दार हातानं ओढून बघायचं, खडखडलं तर बघा, बहुतेक रिव्हेट ढिली झालेली असती. ती ड्रिलनं काढून स्टीलचा बोल्ट आन् नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला, हादऱ्यानं ढिला न होणारा) टाकायचा, कोल्हापुरात उद्यमनगरात सहज मिळतोय, आणि आतनं मोठा वायसर पाहिजेच, नाहीतर पातळ पत्रा फाटतो. चाकामागच्या कप्प्याची लॅच चिखलानं जाम होती, ती ब्रशनं साफ करून सिलिकॉन स्प्रे मारा, ग्रीस नको, धूळ धरतंय. दाराच्या कडेची रबर बिडिंग (रबरी पट्टी) चपटी झाली असंल तर तीबी बदलून टाका.