रेसिफेची मुलं आता दहा वर्षांची झाली

२०२४ च्या पावसाळ्यात पुण्यात काही गरोदर बायकांना झिका झाल्याचं निघालं आणि वहिनीचा फोन आला, "तुमच्याकडचाच ना गं तो रोग?" तसा तो मूळचा युगांडाचा. १९४७ साली तिथल्या झिका नावाच्या जंगलातल्या माकडात सापडलेला. पण बदनाम झालं मी राहते ते, ईशान्य ब्राझीलमधलं रेसिफे.

२०१५ च्या सुरुवातीला इथे घरोघरी अंगावर पुरळ, बारीक ताप, डोळे लाल. डेंग्यूच्या मानाने किरकोळ, म्हणून कुणी फारसं मनावर घेतलं नाही. बहुतेकांना तर काही जाणवतही नाही. पावसाळा सरला आणि दवाखान्यांत लहान डोक्याची बाळं दिसू लागली. आना आणि व्हानेसा व्हान डर लिंडन या मायलेकी, दोघी मुलांच्या मेंदूविकारतज्ज्ञ, यांना ते आधी खटकलं. आयांना विचारलं तर अनेकींना गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत पुरळ उठून गेलेलं. शेजारच्या पाराइबा राज्यात डॉ. आद्रियाना मेलो यांना दोन गरोदर बायकांच्या गर्भजलात विषाणू मिळाला. डास आईला चावतो, विषाणू वार ओलांडून बाळाच्या मेंदूत शिरतो आणि मेंदूची वाढच खुंटते.

त्या वेळी आरोग्य खात्याचे एक अधिकारी इथल्या बायकांना म्हणाले, एवढ्यात दिवस जाऊ देऊ नका. गर्भपाताला कायद्याची जवळजवळ बंदी असलेल्या देशात हा सल्ला! पाण्याचं मात्र कुणी बोलेना. माझ्याकडे कामाला येणाऱ्या बाई टेकडीवरच्या वस्तीत राहतात. तिथे पाणी पाळीने येतं, म्हणून दारात निळं पिंप, वर फळी, फळीवर वीट. आरोग्यसेविका येते, फळी सरकवून बॅटरी मारते, अळ्या दिसल्या की यांनाच बोलणी. झिका पसरवणाऱ्या एडिस डासाला असंच साठवलेलं स्वच्छ पाणी लागतं. आमच्या इमारतीत चोवीस तास नळ आणि खिडक्यांना जाळ्या. डास आम्हालाही चावतात, पण बहुतेक बाळं टेकड्यांवरचीच निघाली, यात नवल कसलं?

जागतिक आरोग्य संघटनेने फेब्रुवारी २०१६ मध्ये आणीबाणी जाहीर केली आणि नोव्हेंबरात उठवलीही. मुलं राहिली. बाईंच्या गल्लीतली एक मुलगी अजून मान धरत नाही. पोटाला लावलेल्या नळीतून तिला भरवतात, फिट येतात म्हणून आई रात्री बिछान्याला बिछाना लावून झोपते. बाप कधीच निघून गेला. अशा बऱ्याच घरांची हीच गत.

भरपाईचा कायदा संसदेने केला, तर जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष लुलांनी तो नाकारला. आया राजधानी ब्राझिलियात जाऊन बसल्या. जूनमध्ये संसदेने तो नकार मोडून काढला: एकरकमी ५०,००० रेआल आणि मुलाला जन्मभर पेन्शन. आता कागदपत्रं गोळा करणं चाललंय. टेकडीवर पाणी अजून पाळीनेच येतं.