घरातलं इंटरनेट मागच्या कारखान्यात नेताना

आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात. मागचं अंगण ओलांडलं की टॉवेलचा कारखाना, म्हणजे पत्र्याची शेड आणि त्यात माग. मधलं अंतर फार तर ६०-७० फूट, तरी घरातलं वायफाय शेडच्या दारात मान टाकायचं. हिशेब मी बघते. ई-वे बिल काढायचं तर लॅपटॉप घेऊन घरात यायचं, व्यापाऱ्याला बॉर्डरचा फोटो पाठवायचा तर अंगणात उभं राहायचं. त्यात सासऱ्यांना शेडमध्ये कॅमेरे हवे होते.

दुसरं कनेक्शन घेणं सोपं होतं, पण घरचंच निम्मं वापरात नसताना दर महिन्याला दोन बिलं कशाला भरायची? आधी मागच्या खिडकीत रिपीटर, म्हणजे वायफायचा सिग्नल पकडून पुढं सोडणारा डबा, लावून बघितला. मोबाइलवर काड्या पूर्ण दिसायच्या आणि पान मात्र उघडता उघडेना. त्या काड्या रिपीटर किती जवळ आहे तेवढंच सांगतात, त्याला राउटरकडून काय मिळतंय ते नाही. शिवाय साधा रिपीटर एकाच चॅनलवर ऐकतो आणि बोलतो, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. उरलासुरला सिग्नल पत्रा परतवून लावतो.

मग केबल. नवी पेठेतून कॅट-सिक्स या नेटवर्कच्या केबलचं एक स्वस्त बंडल आणलं होतं. आमच्या वायरमननं एक तार सोलली, ब्लेडनं खरवडली आणि माझ्यापुढं धरली. लाल रंगाखाली पांढरं चकाकत होतं. “वहिनी, हे तांबं न्हवं ओ. आल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा हाय.” बंडल परत गेलं. चांगल्या तांब्याची केबल १०० मीटरपर्यंत चालते, म्हणजे अंतराची अडचण नव्हतीच. पण त्यानंच पुढं विचारलं, “घरचं आणि शेडचं मीटर एकच हाय का?”

एक नाही. घरचं सिंगल फेज, शेडचं थ्री फेज, आणि अर्थिंगही दोन्हीकडं वेगळं. खरी मेख इथं होती. दोन अर्थिंगच्या विजेच्या दाबात (व्होल्टेजमध्ये) फरक असतो. जवळपास वीज पडली की तो क्षणभर प्रचंड वाढतो आणि दोन इमारतींना जोडणारी तांब्याची तार ही त्याला आयती वाट होते. नेटवर्क पोर्टमधले चिमुकले ट्रान्सफॉर्मर रोजचा फरक सोसतात, वळवाच्या पावसातली वीज नाही. जाळीची शील्ड असलेली केबल दोन्ही टोकांना अर्थ केली, तर त्या शील्डमधूनच करंट फिरायला लागतो. फायबर काचेचं, त्यातून फक्त उजेड जातो. माझ्या दृष्टीनं निकाल तिथंच लागला. सासरे म्हणाले, “एवढ्याशा अंतराला काच?” पण बोर्ड जळाल्याचा खर्च सांगितल्यावर गप्प बसले.

फायबर घेतानाही एक बघावं लागतं. खांबावरून आणतात त्या ड्रॉप केबलला बहुधा स्टीलची तार असते. तीच घरात आणली तर तांबं टाळून काय मिळवलं? आम्ही फायबरग्लासच्या काडीची घेतली. अंगणात टेम्पो लागतो, म्हणून ती एचडीपीई (जाड प्लास्टिकच्या) पाइपात घालून जमिनीखालून नेली. पाइपात एक नायलॉनची दोरीही सोडून ठेवलीय, पुढं काही ओढायचं झालं तर.

जोडणीला केबलवाल्याकडचा पोरगा मशीन घेऊन आला. केसाएवढी काच सोलली, स्पिरिटनं पुसली, क्लीव्हरनं कट् करून तोडली. मशीनच्या पडद्यावर दोन टोकं समोरासमोर आली, एक ठिणगी, आणि सांधा नाहीसा. नुकसान ०.०२ डेसिबल, असा आकडा आला. त्यावर नळी चढवून तापवली की झालं.

दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे काचेतल्या उजेडाचा तांब्याच्या केबलसाठी सिग्नल करणारा आणि उलटंही करणारा डबा. एकाच काचेवरून जा-ये करायची तर ते जोडीनंच घ्यावे लागतात: एक १३१० नॅनोमीटरवर पाठवतो आणि १५५० वर ऐकतो, दुसरा नेमका उलटा. दोन सारखे घेतले तर लिंकचा दिवा लागतच नाही. कनेक्टरही निळ्याला निळाच. हिरव्याचं टोक तिरकं घासलेलं असतं, ते निळ्याशी नीट जुळत नाही. शेडमध्ये जुना राउटर लावला, त्याचं डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटायचं काम) बंद केलं, म्हणजे ते घरचाच राउटर करतो, त्याचा स्वतःचा आयपी (नेटवर्कमधला पत्ता) बदलला, केबल वॅनऐवजी (बाहेरून इंटरनेट घ्यायच्या भोकाऐवजी) लॅनच्या (घरातल्या उपकरणांच्या) भोकात खोचली. वायफायचं नाव आणि पासवर्ड घरचंच ठेवलं, त्यामुळे मोबाइल आपोआप पकडतो.

मागाजवळ कापसाचे तंतू सगळीकडं बसतात, म्हणून ही सामग्री केबिनमध्ये आहे. बंद डब्यात मात्र ठेवली नाही; मे महिन्यात आमचा पत्रा काय तापतो ते सोलापूरकरांना सांगायला नको. लाइट गेली की माग थांबतात, कॅमेरे थांबून चालत नाही. त्यासाठी छोटा यूपीएस दोन्हीकडं लागतो, एकीकडं लावून उपयोग नाही.

आता कामगार पासवर्ड मागतायत. शेडमधल्या जुन्या राउटरवर गेस्ट नेटवर्क (पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय) सुरू केलं, पण तो नुसता अ‍ॅक्सेस पॉइंट (घरच्याच नेटवर्कचं वायफाय पुढं देणारा) म्हणून चालतोय, त्यामुळे त्यावरून हिशेबाचा लॅपटॉप दिसतोच. ते वेगळं करायला व्हीलॅनवाला (एकाच केबलवर नेटवर्कचे वेगळे भाग पाडणारा) स्विच लागेल, तो दिवाळीनंतर.