रक्त दिल्यानंतरचे ७२ तास

एप्रिल महिन्यातील एका शनिवारी सकाळी पावणेआठ वाजता मी उपाशीपोटी रक्त देण्यासाठी घराजवळच्या लॅबमध्ये गेले. वडिलांना मधुमेह होता आणि माझी चाळिशी उलटलेली, म्हणून आमच्या डॉक्टरांनी साखर, एचबीएवनसी (मागच्या सुमारे तीन महिन्यांतील साखरेची सरासरी सांगणारी तपासणी) आणि थायरॉईड या तपासण्या लिहून दिल्या होत्या. सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात मी हिशेब पाहते आणि दहाच्या आत कामावर पोहोचायचे होते. बाकावर दहा-बारा माणसे बसली होती, पंखा गरम वारा टाकत होता आणि रक्त घेणारा मुलगा एकटाच होता.

पुढे डॉक्टरांनी मला नेमके काय पाहिले ते क्रमाने सांगायला लावले, म्हणून इथेही त्याच क्रमाने लिहिते. त्या मुलाच्या हातात हातमोजे होते, पण माझ्या आधीच्या चार जणांसाठी तेच होते, आणि मधल्या वेळात त्याच हातांनी त्याने मोबाईल उचलला व रजिस्टरमध्ये नावेही लिहिली. दंडाला बांधायच्या रबरी पट्ट्यावर तपकिरी डाग होता. स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस एका स्टीलच्या डब्यात होता आणि त्यातून तो त्याच हातमोज्यांनी बोळा उचलत होता. माझ्या कोपराची घडी पुसून झाल्यावर त्याने शीर सापडते का हे बोटाने पुन्हा चाचपले आणि ओल्या कातडीवरच सुई टोचली. सुई टोचताना मी लहानपणापासून मान वळवते. त्यामुळे ती सुई कुठून आली, कशी उघडली, हे मी पाहिले नाही. मान परत हाताकडे वळवली तेव्हा तीन नळ्या भरल्या होत्या. "हात दुमडून धरा ताई," असे म्हणून त्याने पुढच्या आजींना बोलावले. उठताना खुर्चीच्या हातावर रक्ताचा एक वाळलेला थेंब दिसला.

मी काही बोलले नाही. मागे रांग होती, मुलगा माझ्या भाच्याच्या वयाचा होता आणि चारचौघांत त्याला टोकणे मला जड गेले.

दुपारी कारखान्यात बाही वर सरकवली तेव्हा कोपरापाशी रुपयाएवढा निळा-जांभळा डाग उमटला होता आणि तिथून भीतीने मनात घर केले. रात्री सगळे झोपल्यावर मी मोबाईलवर वाचत बसले. २००९ साली गुजरातमधील मोडासा येथे वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्यामुळे हिपॅटायटिस बी या काविळीची साथ पसरली आणि त्यात अनेकांचे प्राण गेले, हे वाचल्यावर झोप उडाली. आम्ही सोलापूरची माणसे युद्धकाळात चीनमध्ये जाऊन रुग्णसेवा करणारे आमच्या गावचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे नाव ऐकतच मोठी होतो. ज्या कॅनडाच्या शल्यविशारद डॉ. नॉर्मन बेथून यांच्या नावाचे रुग्णालय त्यांनी चीनमध्ये सांभाळले, ते बेथून १९३९ साली शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या लहानशा जखमेतून रक्तात विष पसरून वारले होते, हेही नेमके त्याच रात्री आठवले. एवढीशी जखम पुरते, असे वाटू लागले. त्यातच एचआयव्हीचा संसर्ग टाळण्यासाठी जी औषधे दिली जातात, ती घटनेनंतर ७२ तासांच्या आत आणि शक्य तितक्या लवकर सुरू करावी लागतात, असे वाचले. मी बोटांवर हिशेब केला. मंगळवारी सकाळी पावणेआठ.

पतींना उठवून सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "अगं, आता कोण सुई परत वापरतं?" ते धीर देत होते, पण मला उत्तर हवे होते.

रविवारी सकाळी डॉक्टरांना फोन केला. ते सुटी असूनही अकरा वाजता दवाखान्यात आले, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. माझे सर्व बोलणे ऐकून घेतल्यावर त्यांनी एका कागदावर मधोमध रेघ मारली आणि एका बाजूला 'कातडीवरचे जंतू' व दुसऱ्या बाजूला 'दुसऱ्याचे रक्त' असे लिहिले. मी शनिवारपासून या दोन भीती एकत्र कालवत होते.

बेथून यांचे उदाहरण पहिल्या रकान्यातले, असे ते म्हणाले. तो जिवाणूंचा संसर्ग होता आणि त्या काळी पेनिसिलिनसारखे औषध हाताशी नव्हते. कळकट पट्टा, न बदललेले हातमोजे, पुसल्यावर पुन्हा लावलेले बोट यांमुळे असा संसर्ग होऊ शकतो, पण तो झाला तर जागा लाल होते, गरम लागते, सुजते, ठणकते, पू धरतो किंवा ताप येतो, आणि त्यावर उपचार आहेत. माझ्या हातावरचा डाग यांपैकी काहीच नव्हता. शिरेतून थोडे रक्त कातडीखाली झिरपले होते, कारण हात दुमडून धरला होता. कापूस हात सरळ ठेवून दोन-तीन मिनिटे दाबून धरायचा असतो. स्पिरिटचेही त्यांनी समजावले. कातडी सुमारे ३० सेकंद पुसून ती पूर्ण वाळू द्यावी लागते, कारण जंतू मरायला तेवढा वेळ लागतो, आणि पुसल्यानंतर तिथे बोट लावायचे नसते. कापूस आधीच भिजवून डब्यात ठेवणे चुकीचे आहे, कारण दर वेळी हात घातला की तो डबाच दूषित होत जातो. इतकी वर्षे प्रत्येक ठिकाणी तो डबा पाहून मला स्वच्छतेची खात्री वाटत आली होती.

दुसऱ्या रकान्यात एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि हिपॅटायटिस सी. हे विषाणू धडधाकट कातडीवर लागलेल्या डागातून आत शिरत नाहीत. पट्ट्यावरचा डाग किंवा खुर्चीवरचा थेंब किळसवाणा होता, निष्काळजीपणाची खूण होता, पण माझ्या शिरेपर्यंत जाणारी वस्तू एकच होती आणि ती म्हणजे सुई. बाधित रुग्णाच्या रक्ताची सुई रुग्णालयातील कर्मचाऱ्याला टोचली गेली, तरी एचआयव्ही होण्याची शक्यता साधारण ३०० मध्ये १ असते, हे त्यांनी सांगितले. हिपॅटायटिस बी मात्र तसा नाही. लस न घेतलेल्या माणसाला अशा टोचण्यातून तो १०० पैकी ६ ते ३० वेळा होऊ शकतो आणि वाळलेल्या रक्तातही तो किमान ७ दिवस तग धरतो. माझी सगळी भीती एचआयव्हीवर खिळली होती आणि ज्याच्यावर लस उपलब्ध आहे, त्या आजाराचा मी विचारही केला नव्हता. माझ्या मुलाच्या लसीकरणाच्या कार्डावर हिपॅटायटिस बीचे सगळे डोस आहेत. माझ्या लहानपणी ती लस सरकारी लसीकरणात नव्हती आणि पुढे मी कधी घेतली नाही.

"आता प्रश्न एकच उरला, सुई नवी होती का," डॉक्टर म्हणाले. "त्याचं उत्तर माझ्याकडे नाही, लॅबकडे आहे. उद्या सकाळी जाऊन शांतपणे विचारा. उत्तर पटलं नाही तर तडक सिव्हिलला जा, तोवर वेळ हातात आहे."

हिपॅटायटिस बीची लस संशयास्पद टोचणीनंतर शक्यतो २४ तासांत आणि उशिरात उशिरा ७ दिवसांत घ्यावी, ती एरवीही घेतलेली चांगलीच, असे सांगून त्यांनी पहिला डोस तेव्हाच द्यायचे ठरवले. पण त्याआधी तपासणीसाठी रक्त काढणे आवश्यक होते, कारण लसीनंतर काही दिवस त्या तपासणीत चुकीचा निष्कर्ष येऊ शकतो. म्हणजे ज्या भीतीने मी आले होते, तीच गोष्ट पुन्हा करायची होती. त्यांनी हात धुतले, नवे हातमोजे घातले, सिरिंजचे पाकीट माझ्या डोळ्यांसमोर फाडले आणि स्पिरिट वाळेपर्यंत थांबले. माझा हात थरथरत होता, तरी मी मान वळवली नाही.

सोमवारी लॅब उघडायच्या वेळी, सकाळी सहाला, मी दारात उभी होते. काय बोलायचे ते आदल्या रात्री लिहून पाठ केले होते: मी भांडायला किंवा कोणाची नोकरी घालवायला आलेले नाही, माझ्यासाठी वापरलेली सुई नवी होती एवढीच खात्री करायची आहे. लॅबचालकांचा चेहरा प्रथम ताठरला. "इतक्या वर्षांत असं कुणी विचारलं नाही ओ," ते म्हणाले. मी गप्प उभी राहिले. मग त्यांनी सुयांचे खोके काढून टेबलावर ठेवले.

सुईचे जे फाडायचे पाकीट मी शनिवारपासून मनात धरून बसले होते, ते मुळात नव्हतेच, हे तेव्हा कळले. नळीत थेट रक्त ओढणारी ही सुई दोन्ही बाजूंनी टोकदार असते आणि दोन प्लास्टिकच्या टोपणांत बंद येते. सिरिंजसारखे फाडायचे पाकीट तिला नसते. दोन्ही टोपणांच्या सांध्यावर कागदी पट्टी असते. टोपण पिळले की ती 'टक्' आवाज होऊन तुटते आणि पुन्हा जुळत नाही. तो आवाज मी शनिवारी ऐकला होता का, हे आठवेना. तेवढ्यात तो मुलगा आला. "ताई, सुई नवीच होती ओ, शनिवारी सकाळी हे खोकं मीच फोडलंय," तो म्हणाला.

मी हिशेबाची बाई. खोके १०० सुयांचे होते आणि रविवारी लॅब बंद होती. मी रजिस्टर मागितले आणि शनिवारची नावे मोजली: ५६. म्हणजे ४४ सुया उरायला हव्या होत्या. मी एकेक करून मोजल्या, त्या ४३ निघाल्या. दोनदा मोजल्या. मुलाने थोडा विचार केला आणि म्हणाला, "तुमच्या मागच्या आजींची शीर घावली नाही, दुसरी सुई घ्यावी लागली." आजी त्याच गल्लीतल्या होत्या, लॅबचालकांनी फोन लावून माझ्याकडे दिला. दोन्ही हातांना टोचले होते, असे त्यांनी स्वतः सांगितले. आकडा जुळला. दीड दिवस छातीवर ठेवलेला दगड तिथे, त्या टेबलापाशी, उतरला आणि मला रडू आले.

तरीही उरलेले बोलणे मी सोडले नाही, कारण माझी सुई नवी होती म्हणून बाकीचे क्षम्य ठरत नाही. हातमोजे दर माणसागणिक बदलायला हवेत. सुई ज्यात फिरवून बसवतात तो प्लास्टिकचा होल्डरही एकदाच वापरायचा असतो. ते तोच तो वापरत होते. "सगळीकडं असंच चालतं," हे त्यांचे उत्तर मला पटले नाही आणि तसे मी म्हटले. त्यांच्याच भिंतीवर २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांचा तक्ता लावलेला होता. सुया पांढऱ्या, छेद न जाणाऱ्या डब्यात, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, हातमोजे लाल पिशवीत. पांढरा डबा नियमाप्रमाणे होता, हे मी मुद्दाम पाहिले. लाल पिशवीत मात्र हातमोज्यांच्या दोनच जोड्या दिसत होत्या. मुलगा खाली मान घालून ऐकत होता. सकाळी सहापासून दहापर्यंत पन्नासेक माणसांचे रक्त एकट्याने घ्यायचे आणि हातमोजे मोजून मिळायचे, यात त्याचा दोष किती आणि त्याला ते देणाऱ्याचा किती, हे मला तिथेच दिसले, आणि हेही मी लॅबचालकांना सांगितले.

त्यानंतर मी सिव्हिलला गेले. आमच्याकडे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयाला सगळे सिव्हिलच म्हणतात. तिथल्या आयसीटीसी, म्हणजे एचआयव्हीविषयी समुपदेशन आणि तपासणी करणाऱ्या केंद्राच्या बाकावर बसताना कोणी ओळखीचे भेटेल, या विचाराने मी पदर डोक्यावरून घेतला होता. समुपदेशक बाईंनी दार लावून घेतले आणि तपासणी मोफत आहे, तुमच्या संमतीशिवाय होणार नाही, निष्कर्ष तुमच्याशिवाय कोणाला सांगितला जाणार नाही आणि २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याचेही तसेच बंधन आहे, असे सांगितले. लॅबमधील मोजणी ऐकल्यावर तिथल्या डॉक्टरांनी एचआयव्ही टाळण्यासाठीच्या २८ दिवसांच्या औषधांची गरज नाही, असा निर्वाळा दिला. ती औषधे घेऊनच टाकावीत, असे मला दोन रात्री वाटत होते. पण ती खरोखर संसर्गाचा संभव असेल तेव्हाच द्यायची असतात आणि त्यांचे दुष्परिणामही असतात. पुन्हा शंका आली तर १०९७ या निःशुल्क क्रमांकावर विचारता येईल, हे बाईंनी कागदावर लिहून दिले. त्या दिवशीची तपासणी निगेटिव्ह आली. ती आधीची स्थिती सांगणारी होती, शनिवारची नव्हे, हेही त्यांनी स्पष्ट केले.

सहा आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी केलेल्या तपासण्याही निगेटिव्ह आल्या. डॉक्टरांच्या मते त्या आवश्यक नव्हत्या. मी माझ्या मनासाठी केल्या. हिपॅटायटिस बीचा दुसरा डोस मे महिन्यात आणि तिसरा ऑक्टोबरमध्ये झाला. लस पतींनीही माझ्याबरोबर घेतली. ज्या तपासणीसाठी हे सारे घडले, तिचा एचबीएवनसी ६.१ आला होता, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर; म्हणून डिसेंबरमध्ये पुन्हा रक्त द्यायचे होते. लसीमुळे पुरेसे संरक्षण तयार झाले का, हेही तेव्हाच पाहायचे होते. त्या तपासणीतला आकडा १० च्या वर असला म्हणजे पुरते; माझा त्याच्या बराच वर निघाला.

डिसेंबरमध्ये मी त्याच लॅबमध्ये गेले. बाकावर तितकीच गर्दी होती, पण टेबलावर हातमोज्यांचे पूर्ण खोके होते आणि रक्त घ्यायला आता दोघे होते. मुलाने मला ओळखले. आधीचे हातमोजे काढून लाल पिशवीत टाकले, हात चोळून घेतले आणि नवे घातले. स्टीलचा डबा मात्र अजून तिथेच होता. मी तो दाखवला, तेव्हा त्याने तो बाजूला सारला, कोरा कापूस घेतला आणि त्यावर बाटलीतून स्पिरिट ओतले. मग सुई माझ्या डोळ्यांसमोर धरून त्याने टोपण पिळले. तो 'टक्' आवाज बाकावरच्या पहिल्या माणसालाही ऐकू गेला असावा, कारण त्याने मान उंचावून पाहिले. रक्त काढून झाल्यावर मी हात सरळ ठेवून, कापूस दाबून तीन मिनिटे तिथेच बसून राहिले.