चव्वेचाळिसाव्या वर्षी 'तिसरी' पास

सगळं सुरू झालं लेकीमुळे. आयर्लंडमध्ये शाळेच्या शेवटच्या परीक्षेला, म्हणजे लीव्हिंग सर्टला, 2022 पासून मँडरिन, म्हणजे चिनी भाषा, हा विषय घेता येतो. तो घ्यावा का, याची चौकशी करायला तिला घेऊन मी डब्लिनच्या यूसीडी विद्यापीठातल्या कन्फ्युशियस इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे चीनच्या पाठबळावर चिनी भाषा आणि संस्कृती शिकवणाऱ्या संस्थेत, गेले. लेकीने शेवटी स्पॅनिश घेतलं. संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं ते मी.

ही इन्स्टिट्यूट तिथे 2006 पासून आहे, चीनमधल्या रन्मिन विद्यापीठाच्या जोडीने. घरी नवऱ्याचा पहिला प्रश्न, "अगं, हेरगिरीचा अड्डा तर नाही ना?" त्याचंही चुकलं नाही. स्वीडनने 2020 पर्यंत आपल्याकडच्या सगळ्या कन्फ्युशियस इन्स्टिट्यूट बंद केल्या, अमेरिकेतल्याही बहुतेक गेल्या. त्याच वर्षी बीजिंगमधल्या हानबान या सरकारी कार्यालयाकडून हा कारभार एका ना-नफा प्रतिष्ठानाकडे देण्यात आला. पाटी बदलली म्हणून सरकारचा हात सुटला असं मला वाटत नाही. पण आमच्या वर्गात राजकारण कधी निघालंच नाही, आणि खरं सांगायचं तर मीही काढलं नाही. मला व्याकरण हवं होतं.

आणि व्याकरणाआधी उच्चार. तिथे मराठीने हात दिला. चिनी शब्द रोमन लिपीत लिहिण्याच्या पद्धतीला पिनयिन म्हणतात. त्यात 'बी' लिहिलं की उच्चार आपला 'प', आणि 'पी' लिहिलं की 'फ'सारखा. 'डी' म्हणजे 'त', 'टी' म्हणजे 'थ'. आयरिश मंडळी तोंडासमोर कागद धरून, श्वासाने तो हलतो का बघत होती; मी वहीत देवनागरीत बीजिंगचं 'पेइचिंग' लिहून मोकळी. 'झेड'चा उच्चार तर थेट चमच्यातला च! हिंदीवाल्यांना तो मुद्दाम शिकावा लागतो, आपण तो रोज वाटीत ढवळतो. पुढे बाईंनी सांगितलं की बोलताना समोरच्याला धरून 'आपण' म्हणायला 'चान्-मन्' आणि नुसत्या 'आम्ही'साठी 'वो-मन्' असे दोन शब्द आहेत. वर्ग गोंधळला, मला एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं. काका वेगळा, मामा वेगळा, हेही तसंच.

फजिती केली ती सुरांनी. विकत घेणं म्हणजे 'माय', विकणं म्हणजेही 'माय'. पहिल्यात सूर खाली जाऊन वर येतो, दुसऱ्यात धाडकन खाली पडतो. देवनागरी वहीत दोन्ही सारखेच! अक्षरांत फरक दिसतो: 'घेणे'च्या डोक्यावर 'दहा'चं अक्षर ठेवलं की 'विकणे' होतं. दहा जास्त मिळाले की विकायचं, अशी मी खूण बांधली.

दोन वर्षांनी एचएसके ही चिनी भाषेची परीक्षा द्यायची ठरवली, तिसरी पातळी, 600 शब्दांची. नोंदणी ऑनलाइन. कागदावरच्या परीक्षेची मुदत जवळजवळ महिनाभर आधी संपते, म्हणून मी घाईत अर्ज भरला आणि पासपोर्टवरचं मधलं नाव, म्हणजे नवऱ्याचं, गाळलं. प्रवेशपत्र आणि पासपोर्ट यांतलं नाव तंतोतंत जुळावं लागतं. चार ईमेल पाठवल्यावर नाव दुरुस्त झालं. नवऱ्याने ते महिनाभर ऐकवलं.

परीक्षा 80 प्रश्नांची. ऐकण्याचे 40, वाचण्याचे 30, लिहिण्याचे 10. पहिल्या दोन पातळ्यांत अक्षरांच्या वर पिनयिन असतं, तिसरीत तो आधार जातो. ऐकताना प्रत्येक संवाद दोनदा लावतात, पण मी पहिल्या वेळी घाबरायचे आणि दुसऱ्या वेळी पहिल्या वेळचं आठवत बसायचे. उत्तरं पेन्सिलीने गोल रंगवून द्यायची. ऐकण्याची उत्तरं उतरवायला शेवटी पाच मिनिटं वेगळी मिळतात, वाचनाला नाहीत. हे आधी कुणीतरी ठणकावून सांगायला हवं होतं. सूचनापत्रात लिहिलेलं होतं, मीच वाचलं नव्हतं. शेजारी एक शाळकरी मुलगा बसला होता, माझ्या लेकीपेक्षा लहान. तो वीस मिनिटं आधीच खिडकीबाहेर बघत होता.

महिन्याभराने निकाल लागला. 300 पैकी 246, पास व्हायला 180 लागतात. लिहिण्यात 83, वाचनात 92, ऐकण्यात 71.

त्याच शनिवारी पार्नेल स्ट्रीटवरच्या चिनी दुकानात गेले. पाकचोई या चिनी पालेभाजीची जुडी उचलली आणि दुकानदारीणबाईंना ऐटीत सांगितलं, मला ही 'माय' करायचीय. त्यांनी जुडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि स्वच्छ इंग्रजीत विचारलं, "कितीला विकतेस?"