लावणी कोण बघतंय?

11 जून 2023 ला आळंदीहून माऊलींच्या पालखीबरोबर पंढरपूरच्या वारीला निघालो तेव्हापासून पावसाचा पत्ता नव्हता. दिवे घाट उन्हातच चढलो. सासवड, जेजुरी, वाल्हे हे मुक्काम आता मला वेगवेगळे आठवत नाहीत. पहाटे तीनला उठायचं, टँकरपुढे बादली घेऊन उभं राहायचं, तंबू सुटायच्या आत वळकटी ट्रकवर टाकायची, हेच एकात एक मिसळून राहिलंय. नीरास्नानाला माऊलींच्या पादुका पाण्यात उतरल्या तेव्हा भोवती कोण आहे याचं भान गेलं. त्याच संध्याकाळी लोणंदला शेजारच्याने न विचारता माझी पाण्याची बाटली संपवली, म्हणून मी त्याच्यावर ओरडलो. झोपायच्या आधी त्याच्या पाया पडलो. तोही माझ्या पडला. पण राग पूर्ण गेला नव्हता, हे खरं सांगतो.

मी 1986 साली बोटीवर गेलो. आमच्या गुहागर तालुक्यात तेव्हा दहावी झालेल्या पोराला मुंबईची गिरणी नाहीतर बोट, एवढंच दिसायचं, आणि गिरण्या तर संपानंतर बसल्याच होत्या. इंजिन रूममध्ये ऑइलर म्हणून, यंत्रांना तेल देत, पस्तीस वर्षं काढली. लोक म्हणतात जग बघितलंत. सुएझ, पनामा, सिंगापूर, रॉटरडॅम ही सगळी नावं माझ्या डिस्चार्ज बुकात, म्हणजे खलाशाच्या नोंदवहीत आहेत. पण माझी पाळी बारा ते चार, दुपारी आणि रात्री, आणि ती पाण्याच्या पातळीखाली. शेवटचं कॉन्ट्रॅक्ट नऊ महिन्यांचं होतं. करोनात बंदरं बंद झाली आणि ते पंधरा महिन्यांवर गेलं. 2021 ला घरी आलो तो कायमचा.

पण घरात पाय ठरेना. रात्री साडेअकराला डोळा उघडायचा. उठून पडवीत बसायचो. दिवसा उगाच एसटी स्टँडवर जायचो, कोण आलं कोण गेलं बघत राहायचो. बोटीची बॅग दोन वर्षं कॉटखाली तशीच भरलेली होती. शेवटी हीच म्हणाली, "अहो, वारीला तरी जाऊन या. पाय चालायला मागतायत तर चालवा त्यांना." चिपळूणकडची एक दिंडी मिळाली, जेवणखाणाची भिशी भरली, निघालो.

मला समाजआरती, मुक्कामावरची सगळ्या दिंड्यांची एकत्र आरती, फार आवडली. दिवसभर टाळ-मृदंग चालू, आणि तळावर चोपदारांचा दंड वर गेला की सगळं एकदम शांत. इंजिन थांबलं की बोटीवर गाढ झोपलेला माणूसही जागा होतो, तसा मी रोज त्या क्षणाला जागा व्हायचो. माझे डोळे भरून यायचे. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही.

चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण झालं, तरडगावचा मुक्काम झाला. दुसऱ्या दिवशी फलटणची वीसेक किलोमीटरची चाल. दोन्ही टाचांना फोड आले होते, डाव्या पायाचा फुटला. डांबर तापलेलं, मोजा कातडीला चिकटलेला. रांग मोडायची नाही हा दिंडीचा नियम, आणि पुढचा माणूस दर दहा पावलांनी मागे वळून मला नियम सांगत होता. मोबाईल समोर धरून उलटं चालणारी पोरं अंगावर येत होती. मुखाने ज्ञानोबा-तुकाराम म्हणत होतो आणि मनात सगळ्यांना शिव्या देत होतो. निंभोरे ओढ्याच्या अलीकडे मी रांगेतून बाजूला झालो आणि एका घराच्या ओट्यावर टेकलो.

आतून एक म्हातारी आली. कोण, कुठले, काही विचारलं नाही. "बूट काढा माऊली." मी म्हटलं, मावशी, राहू द्या. तोवर ती परात घेऊन आली होती. कोमट पाणी, मीठ. माझा पाय तिने स्वतः परातीत ठेवला. मी मागे ओढला, तिने परत धरला, वासराचा पाय धरावा तसा घट्ट. उजव्या टाचेचा फोड टम्म होता. सुईत दोरा ओवून तिने तो आरपार नेला आणि दोरा आतच ठेवून दोन्ही टोकं कापली. "दोरा काढू नगा, पानी आपसूक निघंल." फुटलेल्याला तेल-हळद लावली, जुन्या लुगड्याची पट्टी बांधली. सून चहा घेऊन आली. समोरून दिंड्या जातच होत्या आणि ती एकेका दिंडीला बसल्या जागेवरून हात जोडत होती.

"गाव कंचं?"

"गुहागरकडचं. कोकणात."

"मग भात आसंल की. लावणी तोंडावर आली. कोन बगतंय?"

"ती बघते. घरची."

"एकली?"

मी हो म्हणालो.

"बाया किती सांगितल्यात? तरवा कितपत आलाय?"

बायका किती, तरवा म्हणजे भाताची रोपं किती वाढलीत, मला माहीत नव्हतं. समुद्रावर असताना माहीत नव्हतं ते ठीक. पण दोन वर्षं मी घरात होतो. कुठल्या बेअरिंगला किती तासांनी तेल द्यायचं हे मी आजही झोपेत सांगेन. माझ्या घरी दाढ, म्हणजे रोपांचा वाफा, कुठल्या खाचरात टाकलीय, ते मला सांगता आलं नाही. म्हातारीने पुढे काही विचारलं नाही. पंढरपूरला कधी गेलात, असं मीच विचारलं. "न्हाई गेले अजून. पालखी येती तवा घर उघडं लागतं न्हवं." एवढं बोलून ती परात ओतायला परसात गेली.

बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर चालून काढलं. खुडूसचं रिंगण गर्दीत दिसलंच नाही. रोज राहुटीतून घरी फोन करू लागलो. "पाऊस आला का?" "अजून नाही." "तरवा?" पहिल्या दिवशी ती गप्पच झाली, मग म्हणाली, "वीतभर आलाय. का हो?" पुढच्या फोनपासून आपणहून सांगू लागली. 25 तारखेच्या सुमारास सगळीकडे पाऊस झाला. आमची वळकटी भिजली, आणि मला आनंद झाला.

29 ला एकादशी. कळसाचं दर्शन घेतलं, चंद्रभागेत स्नान झालं. पौर्णिमेच्या काल्यापर्यंत थांबायला हवं, हे मला माहीत आहे. द्वादशीचं पारणं करून मी एसटीत बसलो. दिंडीच्या विणेकरी बुवांना ते आवडलं नाही आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. कराड, कोयना, कुंभार्ली घाट. घाटात धो धो पाऊस, काचेतून काही दिसत नव्हतं. पस्तीस वर्षांत इतक्या वेळा घरी परतलो, पण कधी पोचतो असं पहिल्यांदाच वाटलं.

घराला कडी होती. बॅग पडवीत टाकून खाली गेलो. चार बायका ओणव्या, त्यांत ही. मला बघून बांधावर आली, चिखलाच्या हातांनी पाया पडली. मीही वाकलो तर मागे सरली, मग थांबली. मी बुक्का लावला. तिची नजर माझ्या टाचांकडे.

"त्या पायांनी चिखलात उतरू नका. बांधावर बसून रोपांच्या मुठी मोजून द्या."

बसलो. मधल्या खाचराला सात मुठी कमी पडत होत्या. दाढ कुठे आहे ते मी तिला विचारलं. विहिरीच्या वरच्या अंगाला, तिने हाताने दाखवलं, आणि मी आणायला गेलो.