नवीन डोमेन मिळालं, पण जुनं कोणाच्या नावावर?

मी एका नागरी सहकारी बँकेत आयटी बघतो. नऊ शाखा, आणि आयटीत आम्ही दोघंच. 22 एप्रिल 2025 ला रिझर्व्ह बँकेचं सर्क्युलर आलं की सगळ्या बँकांनी 31 ऑक्टोबरच्या आत आपलं डोमेन, म्हणजे वेबसाईटचा पत्ता, डॉट बँक डॉट इन वर न्यायचं. हे डोमेन एरवीसारखं कुठल्याही कंपनीच्या साईटवर पैसे भरून मिळत नाही, ते देतं फक्त हैदराबादचं आयडीआरबीटी, म्हणजे रिझर्व्ह बँकेने काढलेली बँकिंग तंत्रज्ञानाची संस्था, आणि तेही फक्त बँकांनाच. शेजारच्या पतसंस्थेचे मॅनेजर आले होते, आमचं पण करून द्या की म्हणाले, त्यांना सांगावं लागलं की पतसंस्था बँकेत मोडत नाही, तुम्हाला नाही मिळणार.

कागदपत्रांचा त्रास होता पण मला हा नियम मनापासून पटतो. दोन वर्षांपूर्वी आमचे एक खातेदार, निवृत्त गुरुजी, फोन घेऊन आले होते, त्यावर बनावट साईट, आमचाच लोगो, आमचाच रंग, नावात फक्त एक अक्षर जास्त, आणि खात्यातून 38 हजार गेलेले. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन लावला पण उशीर झाला होता. डॉट कॉम घेताना तू बँक आहेस का हे कोणी विचारतच नाही ना.

सप्टेंबरात नवीन डोमेन हातात आलं, आता जुन्या पत्त्यावर येणाऱ्याला नवीनवर वळवायचं म्हणून जुन्याचं लॉगिन शोधायला लागलो तर ते बँकेकडे नाहीच! 2011 साली साईट बनवणाऱ्या मुलाने स्वतःच्या ईमेलवर घेतलेलं, त्याचं दुकान कधीच बंद झालेलं, आणि मुदत संपायला 19 दिवस. साहेब म्हणाले, नवीन मिळालंय ना, जुनं जाऊ दे. मी म्हटलं साहेब, पासबुकावर तोच पत्ता छापलाय, कॅलेंडरवर तोच, सगळ्या शाखांचे ईमेल त्याच्यावर. मुदत संपून रिडेम्प्शनचे, म्हणजे जुन्या मालकाला परत घेता येतं ते, 30 दिवस गेले, मग अजून पाच, की कोणीही उचलणार, आणि मग आपल्या नावाने येणारी मेल त्याच्याकडे जाणार. त्याला एक अक्षर जास्त लावायची पण गरज नाही. साहेब गप्प झाले, मग स्वतः उठून अकाउंट्सच्या जुन्या व्हाउचरच्या फाईली काढायला लागले.

साडेचारला 2011 चं बिल सापडलं, त्यावर मोबाईल नंबर. लागला! पोरगा आता पुण्यात नोकरीला, त्याला आठवतही नव्हतं, पण भला माणूस, ऑफिस सुटल्यावर व्हिडिओ कॉलवर बसला. पासवर्ड विसरलेला, ओटीपी जुन्या सिमवर, ते सिम त्याच्या आईच्या फोनमध्ये गावाला. काकूंनी तीनदा आकडे वाचून दाखवले, दोनदा वेळ संपली, तिसऱ्यांदा उघडलं. रात्री नऊला डोमेन बँकेच्या नावावर झालं आणि लगेच नऊ वर्षांचं रिन्यू केलं, डॉट कॉमची एकूण मुदत दहा वर्षांच्या पुढे नेता येत नाही.

आजही रोज त्या जुन्या पत्त्यावर माणसं येतात, महिन्याच्या सुरुवातीला तर जास्तच, पेन्शन जमा झाली का बघायला.